मंडईच्या दिवशी कोहमाऱ्यावर

फुकटात खरं सांगायला आलेला साक्षीदार मी कोर्टात कधी पाहिलेला नाही, म्हणून तो माणूस माझ्या ऑफिसात आला तेव्हा मी त्याला बसासुद्धा म्हटलं नाही. तोही उभाच राहिला. डोक्यावर दुपट्टा, पायात मातीने भरलेल्या चपला. म्हणाला, "तो पोरगा गेला न कोहमाऱ्यावर, ट्रकखाली, ते मी पाह्यलं."

मी गोंदियाला वकिली करते. अपघातात जो मेला किंवा लुळा झाला, त्याच्या बाजूने. समोर नेहमी विमा कंपनी असते आणि ती सगळ्यांना खोटं समजते. मी निदान माझ्या पक्षकारांना तरी खरं समजत असेन, असं लोकांना वाटतं. कशाची काय! या धंद्यात राहून मीही तशीच झाले आहे. पोस्टमार्टमच्या खोलीबाहेर रडणाऱ्या बाईच्या हातात कार्ड कोंबणारे दलाल मी पाहिलेत. एक पानठेलेवाला तर दोन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या अपघातांचा प्रत्यक्षदर्शी निघाला होता, आणि दोन्ही वेळा म्हणे तो लघवीला थांबला होता. तेव्हापासून मी आपल्या आणि परक्या, दोन्ही साक्षीदारांकडे एकाच नजरेने पाहते.

केस एका म्हाताऱ्या विधवेची होती. ठेक्याने धानाची शेती करायची, एकुलता एक मुलगा गोंदियाला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये कामाला. दिवाळी झाल्यावर कोहमाऱ्याच्या चौकात मोटरसायकलसकट ट्रकखाली आला. ठाण्यात पहिली खबर दिली ती ट्रकच्या ड्रायव्हरनेच. पोरगा ढाब्यावर पिऊन निघाला आणि स्वतःच आडवा आला, असं त्याने सांगितलं. तेच कागदावर चढलं आणि तेच गावात पसरलं. नातेवाईकसुद्धा म्हणाले, जाऊ दे आता, पोरगा पेत होता तर काय करता.

म्हातारी मला पहिल्या भेटीत म्हणाली, "वकीलबाई, पेत नव्हता असं मी म्हणत नाही. जवान पोरगा, मले काय माहीत. पण सकारी नवा शर्ट घातला. मी म्हटलं, जेवून जाय. तं म्हणे, नाही, तिकडं जेवाचं हाय. तिकडं म्हंजे कोठी, ते सांगलंच नाही. तेवढं मले कोणी सांगत नाही."

खरं सांगते, मला तिचाही संशय आला होता. आईला सगळं माहीत असतं आणि कोर्टात तेवढंच माहीत नसतं, असं मी फार वेळा पाहिलं आहे. पण ती प्रत्येक तारखेला यायची, बाकावर बसायची आणि जाताना हेच विचारायची.

आणि आता हा माणूस, इतक्या महिन्यांनी.

"काय पाहिलं?"

"पोरगा बाजूले थांबला होता. ट्रक राँग साइडनं आला न त्याच्यावर चढला."

"पोलिसांना काऊन नाही सांगितलं?"

त्याने डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"बरं, पाहिजे काय तुम्हाला?"

"काई नाही."

काही नको म्हणणारा माणूस आला की माझं डोकं ठणकायला लागतं. मला वाटलं, याला विमा कंपनीवाल्यांनीच सोडलाय. माझ्याकडून उभा राहील, उलटतपासणीत पहिल्या धक्क्याला कोसळेल आणि केस घेऊन खाली जाईल. तसं एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. पण दुसरा साक्षीदार होता कुठे? मी त्याचं प्रतिज्ञापत्र तयार केलं. चौकात कशाला गेला होतात, विचारलं तर म्हणाला, पाण्याच्या पंपाचा फुटव्हॉल आणाले. लिहिलं आणि दाखल केलं.

घरी जेवताना सहज विषय निघाला. आमच्या ह्यांचं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, लाइटिंग. मी त्या माणसाच्या गावाचं नाव घेतलं, अपघाताचा दिवस सांगितला, तसा ह्यांचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी तर त्याच गावची मंडई होती. माझ्याच खुर्च्या होत्या तिथं."

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. बाजार भरतो, दंडारीची नाचगाणी होतात, रात्री नाटक असतं. लेकी, जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, सगळे त्या दिवशी त्या गावात. घरात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्यांच्या मंडईला माणूस कितीही हिंडेल, पण आपल्या गावची मंडई सोडून कोणी वेशीबाहेर जात नाही.

"आणि फुटव्हॉल?" हे हसले. "धान कापणीला आलेलं असताना? पाणी कोणाला देऊन राहिला होता तो, खुर्च्यांना?"

त्याचं तर खोटं निघालंच होतं, वर ह्यांना ते इतकं चटकन कळलं याचाही मला राग आला. खुर्च्या कोणत्या दिवशी कुठे होत्या ते लक्षात राहतं, मला भाऊबीजेला माहेरी सोडायचं मात्र राहत नाही. मंडईच्या दिवसांत हे आठ-आठ दिवस घरी नसतात, नाटक कंपन्यांच्या मागे गावोगाव. त्यावरून मी ह्यांना असे प्रश्न विचारले आहेत की ट्रक ड्रायव्हरलाही विचारणार नाही. आताही विचारलेच. "झाली उलटतपासणी, वकीलसाहेब? मग भात वाढा," म्हणाले. मी वाढला.

पुढच्या सुट्टीला मी गाडी काढली आणि सरळ त्या माणसाच्या घरी गेले. अंगणात खाटेवर बसला होता. मला पाहताच उठला, तोंड उतरलं त्याचं.

"तुमच्या गावची मंडई सोडून तुम्ही चौकात काय करत होता?" मी उभ्यानेच विचारलं. "कोणी पाठवलं तुम्हाला माझ्याकडे? आताच सांगा. कोर्टात निघालं तर तुम्ही जाल आत, आणि म्हातारीची केस मातीत."

त्याने खाट माझ्याकडे सरकवली. आतून एक मुलगी चहा घेऊन आली. विशीतली असेल. कप माझ्या हातात दिला आणि तिथेच थांबली.

"बाबा, सांगून टाका न जी."

"तू आत जाय."

ती गेली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मलेच पाहाले येऊन राह्यला होता तो."

मग तो बोलला. ट्रॅक्टर दुरुस्तीला नेला तेव्हा वर्कशॉपमध्ये पोरगा त्याच्या नजरेत भरला होता. जातपात, गाव, सगळं विचारून झालं होतं. ह्यानेच पोराला म्हटलं, मंडईले ये पाहुणा म्हणून. पोरगी पाहून घे, तिलेबी पाहू दे. जमलं तं मी तुझ्या मायजवळ येतो रीतसर. आमच्याकडच्या कितीतरी सोयरिकी अशाच सुरू होतात. गर्दीत कोण कोणाला पाहायला आलं ते कळत नाही आणि नाही जमलं तर कोणाचा अपमान होत नाही. पोराला गावाचा फाटा माहीत नव्हता, म्हणून हा त्याला घ्यायला चौकात गेला.

"रस्त्याच्या पलीकडं होता तो. मी हात केला. माझा हात पाहून थांबला, बाई." दुपट्ट्याने तोंड पुसून म्हणाला, "आता सांगा, पोरीचं नाव निघालं तं कोन करन हिले? पाहाले येनारा रस्त्यातच गेला. पांढऱ्या पायाची म्हणतीन."

मी मुलीकडे पाहिलं. हे घोटून घेतलंय का, हेच शोधत होते. चहा पिऊन झाला तरी शोधत होते. मग मात्र मला त्या माणसाचा भयंकर राग आला. खरं सांगायला आलास तर पुरं सांग ना बापा! अर्धं लपवून त्याने सगळंच खोटं करून ठेवलं होतं.

"मी काही पढवणार नाही," मी म्हटलं. "पण समोरचा वकील याच जिल्ह्यातला आहे. त्याच्या गावालाही मंडई होते. तो विचारणारच. तेव्हा तुम्ही काय बोलता ते तुमचं तुम्ही ठरवा."

"पाहू," तो म्हणाला. मुलगी मला गाडीपर्यंत सोडायला आली आणि कोर्टाची तारीख विचारून घेतली. कशाला हवी असेल हिला, असं तेव्हाही माझ्या मनात आलंच.

तारखेला मी आत गेले तर ती मागच्या बाकावर बसलेली. बायकांसाठी तेवढा एकच बाक, आणि त्याच बाकावर म्हातारी. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. निदान म्हातारी तरी नव्हती.

समोरचे वकील उठले. माणूस गोड बोलणारा, आणि अशांचीच मला जास्त भीती वाटते.

"काका, तुमच्या गावची मंडई कधी असते हो?"

त्या माणसाने दिवस सांगितला.

"म्हणजे अपघाताच्याच दिवशी. घरात पाहुणे, बाहेर दंडार, आणि तुम्ही फुटव्हॉल आणायला?"

तो मागे वळला. बाकाकडे पाहिलं. मुलीने मान हलवली, अगदी थोडी.

"फुटव्हॉल खोटा हाय, साहेब," तो जजसाहेबांना म्हणाला. "मी त्या पोराले घ्याले गेलतो. माझ्या पोरीले पाहाले येऊन राह्यला होता."

समोरच्या वकिलांनी ताबडतोब पकडलं, "म्हणजे तुम्ही त्यांचे सोयरे. म्हणून त्यांच्या बाजूने बोलताय."

"सोयरीक झालीच कोठी, साहेब? सोयरा कसा होईन मी?"

"तो प्यायलेला होता."

"पोरगी पाहाले येनारा पेऊन येते का जी?"

जजसाहेबांनी सगळं शब्दाला शब्द लिहून घ्यायला लावलं. पुढे निकाल म्हातारीच्या बाजूने लागला, चूक ट्रकची ठरली आणि तिच्या मुलाचं नाव दारूतून सुटलं. त्या माणसाच्या मुलीचं पुढे काय झालं ते मी मुद्दाम विचारलेलं नाही. वाईट ऐकायला मिळेल असं वाटतं.

पण निकालाआधी, त्याच दिवशी, साक्ष संपल्यावर मी व्हरांड्यात आले तर म्हातारी त्या मुलीसमोर उभी होती. वरपासून खालपर्यंत तिला पाहत होती. झालं, मला वाटलं, आता ही हिला शिव्याशाप देणार, आणि लोक गोळा होणार. मी मध्ये पडायला पुढे झाले.

"तूच का?" म्हातारीने विचारलं.

मुलगी म्हणाली, "होय जी."

"काय रांधलं होतं त्या दिवशी?"

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मग हळूच म्हणाली, "कोंबडा. अन् वडे केले होते, मीच."

म्हातारीने पदराने डोळे टिपले आणि तिच्या हाताला धरून तिथेच पायरीवर बसली.

"मी म्हणत होती न, जेवून जाय," ती म्हणाली. "तं म्हणे तिकडं जेवाचं हाय. तिकडं म्हंजे तुझ्या हातचं."