एक तास आधी

सूर्याकडून एक वारा अखंड वाहत असतो आणि त्याच्यासोबत चुंबकीय क्षेत्रही येतं. कधीकधी ते दोराला पीळ घालावा तसं वळलेलं असतं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला एक यान आहे. असा पीळ त्याच्यावरून जाताना क्षेत्राची दिशा हळूहळू फिरते. तेवढ्या आकड्यांवरून अख्खा दोर किती जाड, कुठल्या अंगाला वळलेला, हे शोधणं म्हणजे माझी पीएचडी. पुण्यात हे सांगताना मला फार रुबाब वाटायचा.

तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावर सुट्टीला गेले की मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसायची. आईने एकदा विचारलं, "याचा फायदा काय?" मी म्हटलं, "जे यायचंय ते यानाला आधी कळतं. आपल्यापर्यंत पोचायला त्याला आणखी तासभर लागतो." बाकीचं सगळं तिने सोडून दिलं. एवढं मात्र पाडाभर सांगितलं.

२०१८च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीतून गडगड, मग हादरा. लोक खळ्यावर ताडपत्री बांधून झोपू लागले. एका सकाळी शेजारच्या काकीचा फोन आला.

"तुझी आय घरातच निजते. म्हनते, पोरगी तासभर आधी फोन करल. बाहेर थंडी लय, म्हनून माझ्या नातीला पन तिच्याजवल निजवते. करशील ना गं फोन?"

"तसं नसतं काकी, दोघींना बाहेर काढ!" मी ओरडले.

"तुझी आय ऐकल तर ना," ती म्हणाली.

मिळेल ती गाडी पकडून मी संध्याकाळी घरी पोचले. काठ्या-मातीच्या कुडाचं जुनं घर पाडून आम्ही हौसेने विटांचं बांधलं होतं. कूड हलला असता आणि उभा राहिला असता. विटांच्या भिंतीला मात्र दारापासून वरपर्यंत भेग गेली होती, बोट जाईल एवढी. त्याच भिंतीखाली आईची गोधडी होती.

"आई, त्या यानाला जमिनीतलं काही कळत नाही."

"मंग तुला?"

"मलाही नाही."

"पंधरा लाखावरचा कलते, आन पायाखालचा नाय?"

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी गोधडी ओढत बाहेर नेली. काकीच्या नातीचा हात धरून आई कुरकुरत मागून आली.

आम्ही खळ्यावर टेकतोय तोच गडगडलं. काकीची नात मला बिलगली. घरातून विटा पडल्याचा आवाज आला. आईने तिकडे पाहिलंच नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मीही बाकीच्यांसारखीच दचकले होते, आणि ते तिला दिसलं.

मग ती उठली. प्रत्येक ताडपत्रीशी वाकून, घरात कुणी आजारी असल्यासारखं हळू आवाजात सांगत फिरली, "तिला पन नाय कलत गं. पोरांना बाहेरच निजवा."