खिडकीला नावं ठेवली त्याची गोष्ट

पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यातलं चॅपल, म्हणजे लहानसं चर्च, मी विकत घेतलं, पण त्यातली खिडकी मला मिळाली नाही. आठवलं की अजून डोकं तडकतं.

गाडीच्या डिकीत साड्या घालून पार्सिपनी गावात घरोघर विकत मी धंदा उभा केला. गोदामाला जागा शोधताना हे बंद पडलेलं चॅपल दिसलं. आत रंगीत काचेची उंच खिडकी. कुणा श्रीमंताने फ्रान्समधल्या पडक्या चर्चमधून आणून बसवलेली, सहा-सातशे वर्षं जुनी. वर संत होते. त्यांचं मला काही नाही. पण अगदी खाली एक कापडवाला होता. त्याने निळं ठाण उलगडून धरलेलं आणि गिऱ्हाईक बाई काठ चिमटीत धरून नाक मुरडतेय. त्या काळच्या कापडवाल्यांनी वर्गणी काढून ती खिडकी दिली होती, म्हणून त्यांचं चित्र. मी इतक्या देवळांना देणग्या दिल्या, पण दुकानदाराला त्याच्या मालासकट देवापुढे उभं केलेलं कुठे पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. ते लपवायला खोकलो.

आणि मग जन्मभर केलं तेच केलं. जे हवं होतं त्यालाच नावं ठेवली. चॅपलचा व्यवहार बघणारी म्हातारी बाई समोर होती. "काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या फुगल्यात, काचांना तडे गेलेत. ही खिडकी म्हणजे मला भुर्दंड. किंमत उतरवा."

"अहो, पुरे," बायको पुटपुटली.

बाईने सगळं शांतपणे लिहून घेतलं. किंमत उतरली. मी खुशीत घरी आलो.

सहीच्या आदल्या दिवशी कागद आले. त्यात लिहिलेलं, जुनी खिडकी काढून नवी काच बसवून दिली आहे. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"खिडकी कुठाय?"

"तुमची अडचण होत होती ना? एका म्युझियमला देऊन टाकली. कालच घेऊन गेले."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

"अहो बाई, घेणारा असंच बोलतो! माल आवडला असं कधी कुणी तोंडाने म्हणतं का?"

"आवडली म्हणाला असतात तर तिथेच ठेवली असती. ती सांभाळणारा माणूसच आम्ही शोधत होतो. किंमतही याहून कमी घेतली असती."

मी फोन आदळला. बायकोवर ओरडलो, "या लोकांना परत एकदा विचारायची रीतच नाही! आपल्याकडे चहासुद्धा दोनदा विचारतात. 'खरंच नको का' एवढं म्हणायला तिचं काय जात होतं?"

"विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?" बायकोने विचारलं.

"फुकट दिली तरी नको म्हणालो असतो," मी म्हणालो, आणि माझा राग आणखीच भडकला.