भुताचे हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या शाळेत एक भूत होतं, आणि त्या भुताला माझ्याइतकं जवळून कुणीही ओळखत नव्हतं.

तसं पाहिलं तर भूत होतं एवढा भाग मी पुष्कळांना सांगितला आहे. ठाण्यातल्या सभागृहांत, माईकसमोर, शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेऊन सांगितला आहे. नारळ हातात असला की माणूस काहीही गंभीरपणे बोलू शकतो. राहिलेला भाग मात्र कधीच नाही. तो तुम्हाला सांगते.

माझी किशोरांसाठीची ती कादंबरी तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. निदान तुमच्या एखाद्या भाचीनं ती वाचून दिवा चालू ठेवून झोपण्याचा हट्ट केला असेल. कल्याणमधली एक शाळा, वरच्या मजल्यावरची चित्रकलेची खोली, कुणातच न मिसळणारी तीन मुलं, आणि त्या खोलीतल्या चित्रांमध्ये आपोआप येऊन उभी राहणारी एक बाई. नऊवारीतली, चेहरा थोडा वळलेला, हात मागे. हात कायम मागे. कव्हरवर लाल अक्षरांत लिहिलं आहे — सत्य घटनेवर आधारित.

त्या हातांवर परीक्षणांत बरंच लिहून आलं. एका परिसंवादात एका विदुषींनी सांगितलं की ते मागे बांधलेले हात म्हणजे शतकानुशतकं जखडून ठेवलेली स्त्रीची सर्जनशक्ती. सभागृह गंभीर झालं. मीही झाले. मान डोलावली, आणि पुढच्या मुलाखतीपासून ते वाक्य माझंच असल्यासारखं वापरायला लागले.

पण ती माझी कबुली नाही. तेवढ्यासाठी कबुली द्यायची म्हटलं तर अर्ध्या साहित्यिकांना रांगेत उभं राहावं लागेल.

आम्ही खरोखरच तिघं होतो. परेश — नाटकवेडा, ज्याचा आवाज ऐन स्पर्धेत, राजाच्या स्वगतात फुटला आणि पुढे वर्षभर त्याला सगळे 'महाराज' म्हणत राहिले. सायली — आंबिवलीच्या पलीकडच्या गावातून येणारी, जिच्या आजोबांनी भातशेती केली आणि वडिलांनी त्याच जमिनीवर चाळी बांधल्या. घराला गावभर मान, पण आमच्या वर्गात ती 'नाय' म्हणाली की मागचे बाक हसायचे. म्हणून ती बोलायचीच कमी. आणि तिसरी मी — भरपूर वाचलेली, शिक्षकांच्या चुका भर वर्गात दुरुस्त करणारी. मुलं मला का टाळतात हे मला तेव्हा कळत नसे. आता कळतं.

चित्रकलेच्या सावंत सरांनी आम्हाला त्या खोलीत डबा खायची परवानगी दिली होती. किल्लीही आमच्याकडेच असायची. खोलीत चित्रफलक टेकवायच्या तुटक्या घोड्या, नाक उडालेला प्लास्टरचा एक पुतळा, आणि स्थिरचित्रासाठी ठेवलेल्या बाटल्या. वर पाण्याची टाकी, तिचा आवाज सतत. आम्ही तिथे राज्य केलं असं मी कादंबरीत लिहिलं आहे. खरं म्हणजे तिथे आम्हाला कुणी हाकलत नव्हतं, एवढंच.

सायली चित्र काढायची. म्हणजे — कसं सांगू? आम्ही सगळेच काढायचो, पण तिच्या बाटलीत पाणी आहे हे कळायचं. सर तिच्या चित्रासमोर उभे राहिले की काहीच बोलायचे नाहीत, आणि माझ्या चित्रासमोर उभे राहिले की 'प्रयत्न चांगला' म्हणायचे. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा द्यायची, दहावीनंतर मुंबईत चित्रकलेच्या कॉलेजात जायचं, असं तिचं ठरलं होतं. वडीलही हो म्हणाले होते. त्यांच्या घरात मुलीच्या बाबतीत हे सोपं नव्हतं.

मला हात जमायचे नाहीत. परीक्षेत स्मरणचित्र असतं — बाजार, लग्न, पाणवठा असलं काहीतरी आठवून काढायचं. माझ्या बाजारातल्या सगळ्या माणसांचे हात पिशव्यांमध्ये असायचे. लग्नातले पाहुणे सगळे अक्षता मुठीत धरून मूठ मागे लपवलेले. सायलीनं मला शिकवायचा खूप प्रयत्न केला. "अगं, बोटं नको काढूस आधी. बटाटा काढ. मग त्यातनं एकेक बोट सोडव." माझा बटाटा छान यायचा. पुढे काही सुटायचं नाही.

मग एकदा सायलीचं स्थिरचित्र जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. खिडकीशेजारी तीन बाटल्या आणि एक वांगं. सरांनी ते खोलीत वाळत ठेवलं होतं. पी.टी.च्या तासाला खो-खोच्या संघात मला कुणी घेत नसे, त्यामुळे मी वर जाऊन बसायची. त्या दिवशी मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. वाईट वाटून घेण्याची माझी क्षमता चांगली होती. मग मी ब्रश घेतला आणि तिच्या चित्रातल्या खिडकीत एक बाई काढली. फक्त खांद्यांपर्यंत.

मला चित्र बिघडवायचं होतं. दुसरा कुठलाही हेतू नव्हता, आणि आता एखादा शोधून काढणं मला सहज जमेल, पण नको. गंमत अशी की बाई चांगली आली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी चांगलं आलं होतं, आणि त्यावर मला सही करता येत नव्हती.

सायली म्हणाली, "हे मी नाय काढलं." सरांना वाटलं, नजर लागू नये म्हणून बोलतेय. परेशनं मात्र चित्राकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, आणि फुटक्या आवाजात जाहीर केलं, "इथे कोणीतरी आहे."

बाकीचं काम परेशनं केलं. भूत मी आणलं, पण त्याला नावारूपाला आणलं ते महाराजांनी. त्यांनी टाकीच्या आवाजाला हुंदके म्हटलं, नाक उडालेल्या पुतळ्याला साक्षीदार केलं. पंधरवड्यात शाळेतली मुलं आपापली चित्रं वर ठेवायला आणू लागली — बाई येते का बघायला. आणि बाई यायची. मी मेहनत घ्यायची. आता ती पूर्ण उभी दिसायची, कधी विहिरीपाशी, कधी झाडाखाली, एकदा तर कुणाच्या तरी क्रिकेटच्या चित्रात, स्लिपमध्ये. हात मागे. 'हात बांधून मारलंय तिला,' परेशनं निदान केलं. आम्हाला न विचारणारी मुलं आम्हाला डब्यातलं देऊ लागली. स्थानिक केबलवाले कॅमेरा घेऊन आले. सावंत सर एकदा त्या चित्रांसमोर उभे होते — आणि काहीच बोलत नव्हते. माझ्या चित्रांसमोर. तुम्हाला कल्पना येते का, मला काय वाटलं असेल?

बाई पहिल्यांदा सायलीच्या चित्रात आली होती, हे कुणी विसरलं नाही. 'सायलीची बाई' असं तिचं नाव पडलं. मग नवरात्राच्या आधी सायलीला ताप आला, साधाच, त्या दिवसांत अर्ध्या वर्गाला आला होता. पण कुणाच्या तरी आईनं आंबिवलीच्या बाजारात तिच्या आजीला गाठून सगळं सांगितलं. आजीनं भगताला बोलावलं. रंगपेटी, ब्रश, कागद, सगळं नदीत सोडलं. वडील मध्ये पडले तर आजी म्हणाली, "आपले घरान असला काय नको. पोर जित्ती पायजे का चित्रा पायजेत?" वडील मागे सरले. परीक्षा रद्द. मुंबईचं कॉलेज रद्द.

हे मला सायलीनंच सांगितलं. ताप उतरल्यावर ती शाळेत आली, मधल्या सुट्टीत मला एकटीला वर घेऊन गेली. दंडावर काळा दोरा होता. भिंतीवर सरांनी लावलेल्या बाईच्या चित्रांसमोर उभी राहून ती सावकाश एकेक चित्र बघत गेली. मी दाराशी उभी.

"हात बघितले मी," ती म्हणाली.

मी दार लोटून घेतलं.

"मी रागावले नाय. चित्रा चांगली आहेत गं. खरंच." मग म्हणाली, "तू फक्त घरी ये. आजीला सांग, तू काढलीस म्हणून. माझं कुणी ऐकत नाय, म्हणतात बाईच वदवते माझ्याकडनं. तू बोललीस तर ऐकतील. तू हुशार आहेस ना."

एवढंच. आंबिवलीपर्यंत जायचं आणि एक वाक्य बोलायचं. परीक्षेला अजून वेळ होता. रंग मीही देऊ शकले असते, माझी पेटी जवळजवळ नवीच होती.

मी म्हणाले, "मी कशाला काढेन? मला तर नीट हातही काढता येत नाहीत."

हीच ती कबुली. बाकीचं सगळं पोरखेळ म्हणून सोडून देता येईल, चौदा-पंधरा वर्षांची मुलं याहून वाईट गोष्टी करतात. पण हे वाक्य मी विचार करून बोलले. तिलाच जो पुरावा सापडला होता तोच मी तिच्यासमोर बचाव म्हणून ठेवला, आणि मला त्याही क्षणी वाटलं — वाक्य चांगलं जमलंय.

मला शिक्षेची भीती वाटली का? लोक तसं समजतील, आणि मला ते सोयीचं होईल. पण नाही. सावंत सर ओरडले असते, मुख्याध्यापकांनी आईबाबांना बोलावलं असतं, आठवड्यात संपलं असतं. मला भीती वेगळीच होती. मी सांगितलं असतं तर सगळ्यांनी ती चित्रं परत पाहिली असती, आणि म्हटलं असतं, 'अच्छा, हिनं काढलीत होय.' मग हात मागे का, तेही कळलं असतं. भुताची चित्रं थोर होती. माझी झाली असती तर 'प्रयत्न चांगला' झाली असती. मला ते भूत गमावायचं नव्हतं. एका मुलीची परीक्षा त्यापुढे मला लहान वाटली.

सायली 'बरं' म्हणाली आणि खाली गेली. तिनं कुणालाही सांगितलं नाही. तिला सांगता आलं असतं. परेशनं तिच्यावर विश्वासही ठेवला असता. पुढे ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, दहावीनंतर कॉमर्सला गेली. बाईही हळूहळू यायची बंद झाली. परेश म्हणाला तिला मुक्ती मिळाली. मी लेखिका झाले.

मागच्या हिवाळ्यात माजिवड्याच्या एका शाळेत माझा कार्यक्रम होता. सही घ्यायला रांग लागली होती. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पुस्तक पुढे करून उभी राहिली आणि तिच्यामागे सायली. मी तिला लगेच ओळखलं. अंगानं भरली आहे, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं ओळख दाखवली नाही, लपवलीही नाही.

मुलीनं विचारलं, "मॅडम, तिचे हात मागे का आहेत?"

रांग थांबली होती. मुलं ऐकत होती. सायली ऐकत होती. माझ्याकडे एक खरं, छोटं उत्तर होतं, ते मोठ्यानं बोललं असतं तर मुलं हसली असती आणि कदाचित पुस्तकाचा खप थोडा कमी झाला असता. मी त्या मुलीला शतकानुशतकं जखडलेल्या सर्जनशक्तीबद्दल सांगितलं. सोप्या शब्दांत, तिच्या वयाला झेपेल असं. मला मुलांशी बोलता येतं, असं सगळे म्हणतात.

मुलीला ते कळलं नाही. तिनं आईकडे पाहिलं.

"बघ," सायली तिला म्हणाली, "मॅडमनी किती विचार करून काढलीये ती."

'लिहिलीये' नाही म्हणाली. मी सही केली. मुलीचं नाव विचारून खाली तेही लिहिलं, आणि शुभेच्छा दिल्या — भरपूर वाच, भरपूर चित्रं काढ. ती म्हणाली तिला चित्रं आवडत नाहीत. त्या दोघी गेल्या.

तुम्ही मला चांगलं म्हणावं म्हणून हे लिहिलेलं नाही. वाईट म्हणावं म्हणूनही नाही. सायलीला हे सगळं माझ्याआधीपासून माहीत आहे, तेव्हा तिच्यासाठी यात नवं काही नाही. कादंबरीची पुढची आवृत्ती छापखान्यात गेली आहे, कव्हर तेच आहे, लाल अक्षरंही.

काल दुपारी मी कागद घेऊन बसले होते, हात काढायला. बटाटा छान आला.