मामांची ड्यूटी

जगातली यच्चयावत सुखदुःखे एकाच इंग्रजी शब्दात बसवणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे लालबागेतल्या आमच्या गावकऱ्यांच्या खोलीतले मामा. खरे तर ते एका भाच्याचे मामा, पण खोलीने ते नाते वाटून घेतले होते. ते गिरणीच्या घडीखात्यात दिवसभर कापडाच्या घड्या घालत आणि हा शब्दही त्यांनी तिथूनच आणला होता: ड्यूटी. नळावर पाणी भरणे ही ड्यूटी, गणपतीपुढे आरतीत ओरडणे ही ड्यूटी, शेजारच्या मयताला खांदा देणे ही तर डब्बल ड्यूटी. खानावळीतली आमटी मिळमिळीत झाली की म्हणत, "आज मिरचेन खाडो केल्यान!" सासऱ्याला न विचारणारा जावई "ड्यूटीत कच्चो" ठरे. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. ड्यूटी म्हणजे कर्तव्य, असे मी त्यांना एकदा मोठ्या तळमळीने सांगितले. ते म्हणाले, "तां तुझ्या पुस्तकात, बीए. हय निजणा पण ड्यूटीच."

ते खरेच होते. खोलीत माणसे पाळीपाळीने झोपत आणि एका अंथरुणाचे दोन मालक असत. मामा रात्री निजत, रात्रपाळीचा भाचा दिवसा. सकाळी मामा उठून चादरीची सुरकुती न् सुरकुती काढत, उशी पालथी करत, आणि केसांत कापूस घेऊन आलेल्या भाच्याला म्हणत, "घे ड्यूटी." तो त्याच उबेत शिरे.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चाच्या सकाळी मात्र तो निजला नाही. "मामा, आज निजेचो खाडो!" म्हणत हसत जिना उतरला. त्याला गोळी लागली. मामा संध्याकाळी आले तेव्हा चादर तशीच नीट होती.

त्यानंतरही मामा रोज सकाळी ती सारखी करून, उशी पालथी करून कामावर जात. मी तेव्हा एका छापखान्यात रात्री प्रुफे तपासत असे. दिवसा मला खोलीत जागा नव्हती; गॅलरीत तोंडावर टॉवेल घेऊन उन्हात पडायचो. आत ते अंथरूण रिकामे असायचे. एकदा कोणीतरी धीर करून म्हणाले, "मामा, बीए उन्हात करपता हो." मामा शांतपणे म्हणाले, "थय माणूस आसा." पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. मीही नाही.

शेवटी राज्य झाले. लालबागेत गुलाल उडाला, पेढे वाटले गेले. दुसऱ्या सकाळी मी कामावरून आलो, तर मामा अंथरुणावर बसूनच होते. गिरणीचा भोंगा कधीच वाजून गेला होता.

"मामा, उशीर झाला ना?"

"तो ज्येच्यासाठी गेलो, तां मिळाला," ते म्हणाले. "आता तेची ड्यूटी सुटली."

ते उठले. चादर हाताने सारखी केली, उशी पालथी केली.

"घे ड्यूटी, बीए."

मी आडवा झालो. अंथरूण उबदार होते. झोप कुठून येणार? पण मामा उंबऱ्याशी उभे होते, आणि मी निजल्याशिवाय ते कामावर जाणार नव्हते. मी डोळे घट्ट मिटून घेतले.