नंतर बसवू

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला सांगितलं नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही हा विषय तेवढा टाळला. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, तुमची माझी भावकी नाही, उद्या बाजारात समोर येणार नाही — म्हणून तुमच्यापाशी बोलते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

कवठे महांकाळला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. टायपिंग, टॅली, सुट्टीत पोरांचे छोटे कोर्स. तालुक्यात कुणालाही लॅपटॉप घ्यायचा असला की आधी माझ्याकडं येतात. मॅडम, कुठला घेऊ? मॅडम, एवढ्यात काय बसतंय? दुकानदार काहीही सांगू दे, मॅडम काय म्हणतात ते महत्त्वाचं. या गोष्टीचा मला माज होता. होता काय, अजून आहे. पुढं कळेलच.

ऋतुजा माझ्या धाकट्या दिराची मुलगी. विलास भावजी फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणार. घरं शेजारी शेजारी, अंगण एक, त्यामुळं पोरगी माझ्या क्लासातच वाढली म्हटलं तरी चालेल. माऊस धरायला मी शिकवलं. मला मोठी आई म्हणायची. चित्रं अशी काढायची की बघत राहावं. नुसत्या फोनवर तिनं आमच्या शेळीची छोटी फिल्म केली होती — शेळी द्राक्षबागेत शिरते आणि माझा नवरा काठी घेऊन मागं पळतो. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो, नवरासुद्धा. बारावीनंतर तिला साताऱ्याला ॲनिमेशनच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. आमच्या घरातून असलं काही शिकायला निघालेली ती पहिलीच.

त्याच वर्षी माझा ओंकार बारावीला नापास झाला. मोबाइलवरच्या गेमपायी. पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा पोरगा अंगणात फोन धरून बसलेला, हे सगळ्या गल्लीनं पाहिलेलं. कॉम्प्युटरच्या मॅडमचं पोरगं गेममध्ये वाया गेलं — लोकांना बोलायला अजून काय पाहिजे? माझी जाऊ सुरेखा, ऋतुजाची आई, पेढ्यांची ताटली घेऊन आली तेव्हा अगदी हळू आवाजात बोलली. मला वाईट वाटू नये म्हणून. तिच्या मनात काही नव्हतं. माहीत आहे मला, काही नव्हतं. तरी तो पेढा मी तोंडात टाकला नाही.

कॉलेजनं सांगितलं होतं, लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, नाहीतर तिथली सॉफ्टवेअर चालणार नाहीत. भावजींनी सांगितलं होतं, साठ हजारांच्या वर जायचं नाही. एवढ्यात ग्राफिक्स कार्ड पाहिजे म्हणजे गेमिंगचाच लॅपटॉप. डिझायनिंगवाल्यांसाठी म्हणून जे विकतात त्यांच्या किमती ऐकूनच परत फिरावं. मग बॅच सुटली की आम्ही दोघी बसायचो. हा जाड आहे — असू दे. बॅटरी लगेच संपते — हॉस्टेलला प्लग आहे. पंखा बोंबलतो — बोंबलू दे. स्क्रीनचे रंग फिके, इथं मात्र अडायचो, कारण हिला रंगांचंच काम. रॅम कमी असली तर चालेल, ती नंतर वाढवता येते. असं करत करत एक सापडला. आदल्या सालातलं मॉडेल, काळा, चांगला जड, कीबोर्डखाली लाल दिवे, बजेटात बसणारा. मी म्हणाले, हाच. डोळे झाकून घे.

म्हणजे मला सगळं कळत होतं. एवढं लक्षात असू द्या.

त्याच संध्याकाळी ओंकार क्लासात आला. स्क्रीनवरचा लॅपटॉप बघून त्याचा चेहरा खुलला, निकालानंतर पहिल्यांदाच. म्हणाला, "घेतलास की मला पण खेळाय दे गं." ऋतुजा हसून म्हणाली, "तू लांबच बस बाबा, तुझी लय कीर्ती ऐकलीया." टायपिंगच्या दोन पोरी फिसकन हसल्या. ओंकारही हसला. चुलत भावंडं ती, रोजच एकमेकांची टर उडवायची. घरी जाईपर्यंत तो विसरलाही असेल. मी फडक्यानं कीबोर्ड पुसत उभी होते आणि माझी कानशिलं तापली होती.

एवढ्यावरून? असं तुम्ही विचाराल. मीही किती वेळा विचारलंय स्वतःला. हो, एवढ्यावरूनच.

दोन दिवसांनी भावजींचा फोन आला. आम्ही जावा-जावा सुरेखाच्या घरात, पुढच्या सोप्यात बेदाणा निवडत बसलो होतो. फोन स्पीकरवर. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं की गेमिंगचा लॅपटॉप म्हणजे पोरं बिघडायचं सामान. म्हणाले, "वहिनी, तुमीच सांगा. ही गेमिंगचा मागतीया. खरंच लागतोय का शिक्षणाला? तुमी म्हणाल ते."

ऋतुजा दारात उभी होती. निर्धास्त. तिच्या दृष्टीनं काम झालंच होतं, कारण उत्तर मी देणार होते. एका वाक्याचं काम — लागतो भावजी, त्याशिवाय चालत नाही. अवघड होतं का काही?

मी म्हणाले, "भावजी, माझ्या घरात काय झालंय ते तुमी बघताय नव्हं?"

खोटं बोलले का मी? एक अक्षर खोटं नाही. पोटच्या पोराची बेअब्रू मी माझ्या हातानं उचलली आणि त्या पोरीच्या वाटेत आडवी टाकली. वर आवाज थोडा ओला केला. भावजी म्हणाले, "बास वहिनी. कळलं." सुरेखानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ऋतुजा आत निघून गेली. बोलणार काय ती? माझ्या दुःखापुढं उभी राहून लॅपटॉप मागणार होती का?

इथवरचं रागाच्या भरात झालं, असं कुणी म्हणेल. पुढचं तसं नाही. पुढचं मी शांत डोक्यानं केलं.

सांगलीला दुकानात मीच त्यांना घेऊन गेले. निवडलाही मीच — चंदेरी, पातळ, हलका, ऑफिसातल्या कागदपत्रांना उत्तम. सुरेखाला फार आवडला. ऋतुजानं खोक्यावरची माहिती वाचली, परत वाचली, आणि हळूच म्हणाली, "मोठी आई, ह्यात ग्राफिक्स कार्ड न्हाई."

मी म्हणाले, "नंतर बसवू."

हे ते. हेच सांगायचं होतं, एवढा वेळ आजूबाजूनं फिरत होते. लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नंतर बसत नाही. रॅम बसते, डिस्क बदलता येते, पण कार्ड आतल्या बोर्डालाच पक्कं असतं. घेताना नसलं तर पुढं कधीच नाही. क्लास काढला तेव्हापासून मला हे माहीत आहे. ऋतुजा थबकली. "बसतंय? व्हिडिओत तर तसं कोण म्हणलं न्हाई." मी म्हणाले, "व्हिडिओवाल्यांना जास्त कळतंय का मला?" आणि ती हसली हो. इतके दिवस तोंड पाडून बसलेली पोरगी, माझ्या त्या शब्दावर मोकळी हसली. दुकानदारानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि बिल करायला घेतलं.

साताऱ्याला काय झालं ते वेगळं सांगायला नको. सॉफ्टवेअर उघडायलाच वेळ, चित्र हलवलं की लॅपटॉप अडकायचा. मैत्रिणी जेवायला गेल्या की त्यांचा मागून घ्यायचा आणि त्या येईपर्यंत होईल तेवढं करायचं. काम अपुरं, मार्क कमी. दिवाळीच्या आधी ती तिथल्या एका रिपेअरवाल्याकडं गेली, कार्ड बसवून द्या म्हणून. तो हसला. तिनं मला फोन केला. आवाजात राग नव्हता. उलट मला अवघडल्यासारखं होऊ नये याचीच घाई. "मोठी आई, ते बसतच न्हाई म्हणं. तुला पण कुणी चुकीचं सांगितलं आसंल." बघा. वाट तिनंच काढून दिली. आणि मी गेले त्या वाटेनं. म्हणाले, "व्हय गं, मला तरी कुठं म्हाईत."

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा अजून वेळ होता. भावजींना खरं सांगून लॅपटॉप बदलता आला असता, माझा क्लासातला एखादा विकता आला असता. मी फोन ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

दुसऱ्या वर्षाला ती कॉलेज सोडून परत आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाकीच्यांचा हात लय भरभर चालतोय. माझंच डोकं मंद हाय, मोठी आई." हे मी ऐकून घेतलं. माझ्या क्लासातली सगळ्यात हुशार पोरगी स्वतःला मंद म्हणत होती आणि मी तिला म्हणाले, असू दे. भावजी सुट्टीवर आले ते माझ्यासाठी शाल घेऊन. "पोरगी शिकाय कमी पडली, पर बिघडली तरी न्हाई. तुमच्यामुळं, वहिनी." ती शाल मी थंडीत वापरते. चांगली उबदार आहे.

ओंकार पुढच्या खेपेला पास झाला. विट्याच्या ओळखीच्या माणसाबरोबर गलाईच्या दुकानात तमिळनाडूत गेला, सोनं गाळतो, बरं चाललंय त्याचं. त्याच्यासाठी केलं म्हणावं, तर त्याला यातून काही मिळालं नाही. त्याला कळलंही नाही.

ऋतुजाला मी माझ्या क्लासात कामाला घेतलं. त्याचंही गावानं कौतुक केलं. ती टॅली शिकवते. चित्रं काढत नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, वेळ कुठं हाय.

गेल्या महिन्यात आटपाडीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. लॅपटॉप साधा घ्यावा का गेमिंगचा, तेच विचारायला. मी फोनवर बोलत होते म्हणून ऋतुजानं त्यांना समजावलं. "काका, बजेट कमी असंल तर रॅम कमी घ्या, पर कार्ड असलेलाच घ्या. ते नंतर बसत न्हाई." त्यांना काही पटेना. ते माझ्याकडं वळले. "व्हय का मॅडम? का आता नवीन काढलंय कंपन्यांनी?"

आणि माझा माज. मी फोन कानापासून बाजूला धरला आणि म्हणाले, "छे हो. पहिल्यापासून तसंच हाय. मला क्लास काढला तवापासून म्हाईत हाय."

बोलून गेले. बोलल्यावर कळलं.

ऋतुजाचा हात माऊसवर होता, तो तिथंच राहिला. ती माझ्याकडं बघत होती. सांगलीचं दुकान, साताऱ्याहून केलेला फोन — तिला एकेक आठवताना मला समोर दिसत होतं. मग ती त्या मुलीकडं वळली आणि कुठला घ्यायचा ते तिला नीट दाखवलं.

तिनं मला काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, बॅचा घेतल्या, फक्त मला मॅडम म्हणाली. मला वाटलं, पोरांसमोर म्हणत असेल.

काल संध्याकाळी मी सुरेखाच्या सोप्यात बसले होते. ऋतुजानं चहा आणला, कप माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, साखर बघा तुमी." सुरेखा हसली. म्हणाली, "घरात कसली गं मॅडम?" ऋतुजा आत गेली होती.

मी चहा प्याले. साखर बरोबर होती.