बाटलीतली लाट

नव्वदच्या दशकात मी समुद्रात आवाज मोजणाऱ्या एका बोटीवर नोकरी करत होते. काम ऐकायला सोपं. एका बोटीने पाण्यात आवाज सोडायचा, लांबच्या दुसऱ्या बोटीवरून मी तो टिपायचा. किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र, वरचं पाणी परातीतल्यासारखं निवांत. अंतर तेच, आवाजही तोच. तरी घटकेत खणखणीत ऐकू यायचा, घटकेत गायब. वायरी तपासून तपासून मी वैतागले. बोटीवरचे साहेब म्हणाले, वर गरम पाणी, खाली गार. दोन्ही भेटतात तिथं आतल्या आत लाटा चालतात आणि आवाजाची वाट वाकवतात. मी मान डोलावली. डोक्यात काहीच शिरलं नव्हतं.

सुट्टीत गावी, निरवांगीला आले, तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी बारामतीच्या एका शाळेत शिकवायची जागा बघून ठेवलेली. मला ती बोटच हवी होती.

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. कळप घेऊन निघणाऱ्याने आधी घरच्या थोरल्याला सगळी वाट तोंडाने सांगायची, त्याला पटली तरच निघायचं. मेंढरं गेली, ऊस आला, पण आबांचा रिवाज काही सुटला नाही.

"तुजं काम मला नीट समजावून सांग," ते म्हणाले. "कळलं तर जा. न्हायतर शाळा."

आता आली का पंचाईत! मलाच न कळलेलं मी काय कपाळ समजावणार?

सरबताच्या बाटलीत खालचं गार पाणी म्हणून निळीचं पाणी घेतलं, त्यावर वरचं गरम म्हणून अलगद रॉकेल ओतलं. रॉकेल वाया चाललेलं बघून आई करवादली. बूच लावून बाटली आडवी केली, एक टोक जरा उचलून खाली ठेवलं. वरचं रॉकेल लगेच थांबलं. आत मात्र निळी लाट सावकाश इकडून तिकडं जात राहिली. आबा पार वाकून बघत होते.

"ह्यात आवाज कुठं हाय?"

"तो दिसत न्हाय, आबा. लाटेपाशी वाकतो. कधी तळाच्या चिखलात जिरतो."

"मग परत कसा येतो?"

"लाट पुढं सरकली की."

"कवा सरकंल, ते कळतं व्हय?"

"न्हाय."

"मग तू तितं करतीस काय?"

"ऐकत बसते."

आई पदराआड हसली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

आबांनी बाटली लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. "मला काय बी कळलं न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला तरी कळलंय का?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण हो म्हटलं असतं, तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं असतं.

"न्हाय, आबा."

"मग हितं राहून कसं कळंल?" आबा म्हणाले. "जा तू. बाटली तेवढी ऱ्हाऊ दे."

आणि त्यांनी तिचं टोक पुन्हा उचललं.