मळून झालेली कणीक

गेल्या सोमवारी, सकाळच्या शिफ्टला, चाकणला खानावळ चालवणाऱ्या एका मावशींवर अन्याय झाला. मोठ्या कंपनीने गाड्या बनवायची लाइन आठवडाभर बंद ठेवली. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना ते शनिवारीच कळलं, त्यांनी सोमवारी कंत्राटी पोरांना गेटवरूनच घरी बसवलं. त्या पोरांचे डबे करणाऱ्या मावशींना मात्र कुणीच काही सांगितलं नाही. असल्या कितव्या सोमवारबद्दल लिहितोय, आता आठवतही नाही.

मी कंपनीच्या गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटतो, त्यामुळे मावशी रोज भेटतात. "कसा आहेस?" असं त्या विचारत नाहीत. "ओव्हरटाइम हाय का रं?" एवढंच विचारतात आणि उत्तरावरून उद्याची कणीक ठरवतात.

सोमवारी मी बातमी घेऊन गेलो, तेव्हा कणीक मळून झाली होती. पोळ्या लाटणाऱ्या दोघींचे हात थांबले.

मावशी म्हणाल्या, "थांबता कशाला? लाटा. पोरं खोलीवर उपाशी बसली असतील."

डबे खोल्यांवर पोचवून झाल्यावर मावशी त्या दोघींच्या घरी चालत गेल्या, मी बरोबर होतो. "उद्यापासून येऊ नगा. लाइन सुरू झाली की बोलवते."

परतताना मी म्हणालो, "मावशी, फोन करायचा ना."

"कामावरनं बसवायचं तर तोंडावर सांगावं. मला कुनी सांगितलं का?"

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी कंपनीत लाइनचं वेळापत्रक ठरवत असेल, तर ऐका. बंदची नोटीस गेटच्या आत लावता, ती आदल्या दिवशी बाहेरही लावा. मावशींना वाचता येतं.